मदत हवी आहे: रोज पार्सल येतंय, खरेदी थांबवायची कशी?

आडगावनाका
नमस्कार. ऑनलाइन खरेदी आवरायची आहे. रोज दुपारी दारात खोकं. परवा भाजी कापायचं दुसरं यंत्र आलं, पहिलं अजून उघडलेलंही नाही. अ‍ॅप काढून टाकलं तर दोन दिवसांत परत आलं. ठोस उपाय सांगा, "मनावर ताबा ठेवा" हे नको. जरा लवकर.

सिडकोवाली
पैसे कसे जातात? कार्ड, यूपीआय की दारात रोख? नेमकं काय काय येतं? एवढ्यावरून काय सांगणार?

हिशेबी_माणूस
कार्डच असणार. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद करा किंवा मर्यादा घाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून ही सोय बँकांना द्यावीच लागते. शिवाय खरेदीच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी उठून पाकीट आणायचं, सोळा आकडे टाकायचे म्हटलं की निम्मी हौस तिथेच जिरते. माझं यानेच सुटलं.

गोदाकाठचा
ऑनलाइनच नको! बुधवारच्या बाजाराला नाशिकच्या गोदाघाटावर या. खिशात पाचशे असले की खर्च पाचशेच. भांडं घ्यायचं तर भांडीबाजारात हातात धरून, वजन बघून घ्यावं.

सिडकोवाली
@गोदाकाठचा, दिवाळीआधी मेन रोडला जाऊन बघा, तिथे काय कमी मोह आहे? आणि ते दुपारी बाजारात जाऊ शकतात का, हेही आपल्याला माहीत नाही.

आडगावनाका
कार्ड नाही, पार्सल आल्यावर रोख. खरेदी मी नाही, बाबा करतात. गेल्या वर्षी रिटायर झाले. दुपारभर व्हिडिओ बघतात, मध्ये जाहिरात आली की ऑर्डर. मी सातपूरला ड्युटीवर, पैसे आई देते.

सिडकोवाली
अहो, हे आधी सांगायचं ना! कार्डाचं सगळं वाया गेलं.

त्र्यंबकरोड
साधा बटणांचा फोन द्या त्यांना. विषय संपला.

पेन्शनर_पंचवटी
अजिबात नको. पैसे त्यांचे, आयुष्यभर राबून मिळवलेले. मुलाने बापाचा फोन काढून घ्यायचा? मी स्वतः त्या वयाचा आहे, असं कुणी केलं तर घरात बोलणं बंद होईल.

त्र्यंबकरोड
काका, फंडाचे पैसे असे संपले तर उद्या मुलाकडेच मागावे लागतील. ते चालेल?

हिशेबी_माणूस
वाद नको. त्यांना एक गोष्ट शांतपणे दाखवा. "फक्त २ शिल्लक", "ऑफर १० मिनिटांत संपणार" असं येतं ना, ते घड्याळ बऱ्याचदा पान बंद करून उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अशी खोटी घाई लावणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केलेल्या १३ प्रकारांत आहे. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर करता येते. रिटायर माणसाला उपदेशापेक्षा हा पुरावा पटतो.

द्राक्षबाग
ते भाजीचं यंत्र कांद्याला चालतं का? विकणार असाल तर सांगा.

गोदाकाठचा
दुपारी त्यांना सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात पाठवा. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, वर्तमानपत्रं चाळता चाळता दुपार कशी जाते कळत नाही.

पेन्शनर_पंचवटी
नोकरी कसली होती त्यांची?

आडगावनाका
कारखान्यात स्टोअरला. माल मागवणं, आलेला मोजून घेणं, नोंदी. त्याचा इथे काय संबंध?

पेन्शनर_पंचवटी
सगळा संबंध तिथेच आहे. इतकी वर्षं रोज गाडी लागायची, माल उतरायचा, सही व्हायची. ते एका दिवसात बंद झालं. त्यांना "घेऊ नका" म्हणू नका, घराचं स्टोअर ताब्यात द्या. शिल्लक बघितल्याशिवाय आणि इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही झाल्याशिवाय ते कंपनीत माल मागवायचे का? तोच नियम घरी. एक रजिस्टर: वस्तू, घरात किती आहे, कशाला हवी, ठेवणार कुठे. आठ दिवस थांबायचं, मग आईची सही, मग ऑर्डर. महिन्याचा किराणाही त्यांच्याकडेच द्या. रविवार कारंजाच्या बाजारात चार दुकानांत भाव काढतील, तुमच्यापेक्षा चांगला माल आणतील.

सिडकोवाली
हे पटलं. फक्त आईंना आधी विश्वासात घ्या, नाहीतर सहीचं ओझं त्यांच्यावर आणि भांडण त्या दोघांत.

आडगावनाका
काका, मनापासून आभार. हे डोक्यात आलंच नव्हतं. बाबांचं अक्षरही सुरेख आहे, रजिस्टर आजच आणतो. पण दोन पार्सलं उद्या येणार आहेत, त्यांचं काय?

हिशेबी_माणूस
ती बाबांनाच ठरवू द्या. नको असतील तर घेण्याआधी दारातच नाही म्हणायचं, पैसे द्यायचे नाहीत. आणि "ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा" असा फोन आला तर ओटीपी अजिबात सांगू नका, आईंनाही सांगून ठेवा.

द्राक्षबाग
यंत्राचं सांगा हो.