रविवारचं भरीत : ६० माणसं, २० किलो वांगी

सचिव, बी-२०१ : मंडळी, रविवारी संध्याकाळी भरीत-पुरी नक्की. चंपाषष्ठी होऊन गेली, त्यामुळे चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांचीही आता अडचण नाही. ६० नावं आली आहेत. वांगी किती आणि कुठली आणायची ते जाणकारांनी सांगावं.

नाना, ए-१०३ : २० किलो आणा. भाजून साल-देठ काढल्यावर निम्म्याहून जरा जास्त गर राहतो, ११ किलो धरा. माणशी पावणेदोनशे ग्रॅमच्या वर पडतं, पुरीसोबत पुरेसं आहे. वांगं मात्र आपलंच पाहिजे. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद, आसोदा, भादलीकडचं, फिकट हिरवं आणि त्यावर पांढरट रेघा असलेलं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाचं नाव सांगून कुणी काहीही टोपलीत टाकेल. आपण हातात घेऊन बघायचं.

सी-३०२ दादा : बघायचं म्हणजे नेमकं काय, नाना?

नाना, ए-१०३ : आकारानं मोठं आणि हाताला हलकं. तेवढ्याच आकाराचं दुसरं जड लागलं तर त्यात बी भरलेलं आहे, ते ठेवून द्या. अंगठ्यानं दाबा : खळगा पडून लगेच वर आला तर कोवळं, खळगा तसाच राहिला तर शिळं, दबलंच नाही तर जून. साल चकचकीत हवी. पिवळट झाक आली की बी पिकलं समजा, भरीत कडवट होणार. देठ हिरवा आणि काटेरी. देठाजवळ टाचणीएवढं भोक दिसलं तर आत अळी आहे. असं वांगं वरून कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका, भाजल्यावर आतली काळी घाण गरात मिसळते आणि निवडता येत नाही.

बी-१०४ वहिनी : सगळी साधारण एकाच मापाची घ्या, ४०० ग्रॅमच्या आसपास. लहान-मोठी मिसळली की लहान जळतात आणि मोठी मध्ये कच्ची राहतात.

ए-४०१ : गॅसवर भाजून आणायची का प्रत्येकानं आपापल्या घरून? ५-६ वांगी एका घराला, काम वाटलं जाईल.

काकू, ए-२०४ : नको रे बाबा. भरताची सगळी चव भाजण्यात आहे, मसाल्यात नाही. गॅसची आच एका जागी लागते, साल करपते आणि धूर आत जातच नाही. काड्यांच्या जाळात वांगं चारी बाजूंनी एकदम वेढलं जातं, साल फुगते आणि गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. त्या धुराच्या वासासाठीच तर हा खटाटोप. घरी दोन माणसांसाठी गॅस ठीक, तेव्हा सालीला तेलाचा हात लावा. जाळावर मात्र तेल लावू नका, काजळी चिकटून बसते.

नाना, ए-१०३ : काकूंचं शंभर टक्के खरं. काड्या तुरीच्या घ्यायच्या, मागच्या वर्षीच्या. यंदाची तूर अजून शेतात उभी आहे, ओल्या काड्या आणल्या तर नुसता डोळे झोंबवणारा धूर होईल. कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतात, बरेच जण त्याच वापरतात, पण कपाशीवर फवारण्या फार होतात, म्हणून तूर मिळत असेल तर तूरच. चार मोठे भारे पुरतील.

सचिव, बी-२०१ : गच्चीवर करू या का?

सी-१०१ भाऊ : गच्चीवर नको भो. खालचं वॉटरप्रूफिंग तडकेल आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यांना गळती लागेल. मागच्या भिंतीजवळची मोकळी माती बरी. गाड्या शनिवारी रात्रीच तिथून हलवा, मीटरच्या खोलीपासूनही लांब राहा. वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचा पाईप हाताशी ठेवा. राख सकाळपर्यंत तिथेच राहू द्या, गरम राख कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही.

काकू, ए-२०४ : आता भाजायचं कसं ते लिहिते, म्हणजे आयत्या वेळी गोंधळ नको. वांगी आधी धुवून कोरडी पुसा. प्रत्येकाला सुरीच्या टोकानं तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर जाळात सांडतो. देठ कापू नका, उलटताना धरायला तोच लागतो. खाली काड्यांचा वीतभर थर, त्यावर वांगी एकमेकांना खेटून एका रांगेत, वर पुन्हा काड्या. दोन थर वांग्यांचे अजिबात नकोत. वारा येतो त्या बाजूनं पेटवा, म्हणजे जाळ आपसूक पुढे सरकतो. पहिला भडका बसला की लांब चिमट्यानं वांगी उलटी करा आणि बाजूनं थोड्या थोड्या काड्या सरकवत राहा. २० किलो एकदम लावू नका, १० किलोचे दोन घाणे करा. एकाला अर्धा तास धरा.

बी-३०३ ताई : काकू, झालं हे कसं ओळखायचं? साल तर पहिल्या पाच मिनिटांतच काळी होते.

काकू, ए-२०४ : सालीकडे बघूच नको. देठाच्या बुडाशी बघ. तिथून रस बारीक बुडबुड्यांनी बाहेर यायला लागतो. तिथे काडी टोचली तर लोण्यात गेल्यासारखी आत गेली पाहिजे. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तो झाला म्हणजे सगळं झालं. काढली की मोठ्या पातेल्यात घालून १० मिनिटं झाकून ठेवा, साल सैल पडते.

बी-३०३ ताई : आणि मग नळाखाली धरून सोलायची?

काकू, ए-२०४ : अजिबात नाही! सगळी चव पाण्याबरोबर वाहून जाईल. वाडग्यात पाणी ठेव, बोटं बुडव आणि सोल. सालीचे दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू दे. सोललेली वांगी तिरप्या परातीत १० मिनिटं ठेवायची, सुटलेलं पाणी एका बाजूला जमतं. चाखून बघायचं, गोड असेल तर थोडं परत घालायचं, कडू असेल तर ओतून द्यायचं. सोलताना प्रत्येक वांगं उभं उघडून उजेडात बघा. अळी किंवा काळं बी दिसलं तर तेवढं वांगं बाजूला.

सी-३०२ दादा : ठेचायला मोठा मिक्सर आहे आमच्याकडे.

नाना, ए-१०३ : मिक्सर नको, दादा. पात्यानं बी चिरडतं, भरीत कडू आणि खळीसारखं चिकट होतं. बडगीत, म्हणजे ठेचायच्या खोलगट लाकडी भांड्यात, मुसळीनं ठेचायचं, रेषा तोंडात लागल्या पाहिजेत. माझ्याकडे एक बडगी आहे, दुसरी बघा कुणाकडे आहे का. लोखंडी कढईतही ठेवू नका, काळं पडतं. फोडणीला स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

बी-१०४ वहिनी : सामान लिहून घ्या. हिरवी मिरची १ किलो (पोपटी, लांब असेल तर; गडद तिखट असेल तर ६०० ग्रॅमच), सोललेला लसूण अर्धा किलो, शेंगदाणे १ किलो, सुकं खोबरं पाव किलो पातळ काप करून, कांद्याची पात ३ किलो, कोथिंबीर १० जुड्या, तेल २ लिटर. मिरच्यांना चीर देऊन तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजायच्या, मग लसूण आणि मिठाबरोबर बडगीत ठेचायच्या. फोडणीत आधी शेंगदाणे लालसर, मग खोबरं (ते लगेच जळतं, लक्ष हवं), मग ठेचा, मग पात. पात नुसती मऊ पडली की वांगं घालून ५ मिनिटं हलवा आणि उतरवा. जास्त शिजवलं की धुराचा वास उडतो. कोथिंबीर खाली उतरवल्यावर.

ए-४०१ : टोमॅटो, हळद?

बी-१०४ वहिनी : दोन्ही नाही. टोमॅटोनं पाणी सुटतं आणि आंबटपणात वांगं हरवतं. मीठ आधी १५० ग्रॅमच घाला. पुऱ्यांच्या कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या) पिठात मीठ असतंच, ते विसरून बरेचदा भरीत खारट होतं.

डी-२०२ : आमच्यासह तीन घरं कांदा-लसूण खात नाहीत.

काकू, ए-२०४ : तुमचं ३ किलो वांगं सोलल्यावर लगेच वेगळं काढू. मिरची, शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर, फोडणीला जिरं. बडगी लसणाला लागायच्या आधी तुमचंच पहिलं ठेचू. लहान मुलांचंही २ किलो बिनतिखट तेव्हाच काढू या.

सचिव, बी-२०१ : पुऱ्यांचं पीठ?

बी-१०४ वहिनी : ६ किलो ज्वारी, दीड किलो सालासकट काळे उडीद, सव्वाशे ग्रॅम खडे मीठ, सगळं एकत्र दळायचं. शुक्रवारी संध्याकाळी दळा, त्याआधी नको. शिळ्या पिठाचा चिकटपणा जातो आणि थापताना कडा फाटतात. भिजवायला कोमट पाणी, एका वेळी २ किलोच भिजवा. ओल्या फडक्यावर थापा, भाकरीहून जाड. पातळ थापली तर फुगत नाही, कडक होते. तेल चांगलं तापू द्या, गार तेलात पुरी तेल पिते. १८० च्या वर पुऱ्या होतील. भाकरी छान लागते, पण ६० जणांना तव्यावरची गरम वाढणं जमणार नाही, पुरी तासभर मऊ राहते.

सी-१०१ भाऊ : सोबत कच्चा कांदा, मुळा, लिंबू आणि ताक. जाळ ५ ला पेटवला तर ८ ला पानं मांडता येतील. काड्या आणि वाळू माझ्याकडे.

सचिव, बी-२०१ : ठीक. सोलायला सहा जण लागतील, नावं कळवा. शनिवारी सकाळी बाजारात नाना आणि मी. उरलेलं भरीत डब्यात न्यायचं असेल तर?

काकू, ए-२०४ : पात घातलेलं रात्रीच संपवा, सकाळी आंबूस लागतं. न्यायचं असेल त्यांनी आधी सांगा, ठेचलेलं बिनफोडणीचं देते. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं, खाताना फोडणी द्यायची. सोलायला माझं नाव लिहा. आणि दुसरी बडगी आमच्या माळ्यावर आहे, कुणीतरी उतरवून द्या. दोन वर्षं वापरात नाही, आज धुवून उन्हात घातली तर रविवारपर्यंत वास जाईल.