पेन ड्राइव्हमधील फोल्डरांचे शॉर्टकट झाले: हा व्हायरस की आणखी काही?

हिशेबनीस, फोंडा
आमच्या देवस्थानचा वार्षिक हिशेब मामलेदार कार्यालयात सादर करायचा असल्याने छपाईसाठी पेन ड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात दिला होता. परत आणून लावला तेव्हा ‘पावत्या’, ‘अभिषेक’ आणि ‘महाजन यादी’ या तिन्ही फोल्डरांच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसू लागला असून प्रत्येकाचा आकार जेमतेम एक-दोन केबी आहे. क्लिक केल्यावर फोल्डर उघडतो आणि आतली कागदपत्रेही दिसतात. कोणी याला व्हायरस म्हणतात, कोणी ट्रोजन; समितीतील एका सदस्यांनी तर रॅन्समवेअरची भीती घातली आहे. यांत नेमका फरक काय, आणि अँटिव्हायरस असताना हे आत आले कसे?

संगणक दुरुस्ती, म्हापसा
नमस्कार. फोल्डर उघडतो, यातच त्याची लबाडी आहे. मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडे नेणारी छोटी फाइल, तेथे ठेवला जातो; आपण क्लिक केले की आधी घातक स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल) चालते आणि मागोमाग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. म्हणजे कागदपत्रे बहुधा शाबूत आहेत, परंतु क्लिक केलेले असल्यामुळे आपला संगणकही बाधित झाला आहे असे धरून चालावे, आणि तो साफ होईपर्यंत त्याला दुसरा पेन ड्राइव्ह लावू नये. विंडोजमधील डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे घातक प्रोग्रामला लपायला फारसा वाव राहत नाही. त्यानंतर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढून लपवलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय निवडला की मूळ फोल्डर दिसतील.

फरकाविषयी सांगायचे तर व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल चालवली की पसरतो. वर्म स्वतःच्या प्रती काढून नेटवर्कवरून किंवा पेन ड्राइव्हमधून पुढे जातो. आपल्याकडचा प्रकार याच वळणाचा दिसतो. ट्रोजन उपयोगी प्रोग्रामचा वेष घेऊन येतो आणि आपण स्वतःच त्याला घरात घेतो. रॅन्समवेअर हे नाव मात्र तो आत कसा शिरला ते सांगत नाही, आत शिरून काय करतो ते सांगते: फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणे. म्हणूनच मे 2017 मधला वॉनाक्राय एकाच वेळी वर्मही होता आणि रॅन्समवेअरही. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी अपडेट टाळले होते, ते प्रामुख्याने सापडले.

लेखापाल, मडगाव
अँटिव्हायरसविषयी थोडे. तो ओळखीच्या खुणांवरून आणि प्रोग्रामच्या वागणुकीवरून अंदाज बांधतो, त्यामुळे अगदी नवा प्रकार निसटू शकतो. आपण हिशेब सांभाळता म्हणून जून 2017 मधल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामचे उदाहरण देतो: तो युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरला. खंडणी मागत असला, तरी पैसे भरून फाइल्स परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. त्याचा फटका मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनललाही बसला होता. अशा वेळी कामाला येते ती वेगळ्या हार्ड डिस्कवरची प्रत, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवलेली असली तरच. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो.

दुकानाला पेन ड्राइव्ह देण्याऐवजी पीडीएफ ई-मेल करावी, असे माझे मत आहे.

शिक्षिका, काणकोण
लेखापालांशी मी सहमत आहे, मात्र आमच्या भागातील काही दुकानांत ई-मेल घेण्याची तयारी नसते. तेथे एक रिकामा पेन ड्राइव्ह फक्त छपाईसाठी ठेवावा आणि परत आल्यावर न उघडता फॉरमॅट करावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ‘यूएसबी प्रतिरोध’ हे मोफत साधनही मिळते.

हिशेबनीस, फोंडा
सर्वांचे आभार. ऑफलाइन स्कॅनमध्ये एक स्क्रिप्ट सापडून काढली गेली आणि तिन्ही मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागले आहेत. आता ही कागदपत्रे नव्या डिस्कवर घेताना केवळ एक्सेल आणि पीडीएफ फाइल्स निवडून घेतल्या तर पुरे, की पेन ड्राइव्ह आणखी एखाद्या साधनाने तपासावा?

संगणक दुरुस्ती, म्हापसा
निवडूनच घ्या, शॉर्टकट एकही घेऊ नका. एक्सेल फाइल उघडताना मॅक्रो (फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्राम) चालू करण्याची विचारणा झाली आणि आपण त्या फाइलमध्ये मॅक्रो कधी वापरलेच नसतील, तर नकार द्या. प्रती घेऊन झाल्यावर जुना ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि दुकानदारालाही कळवा, कारण त्यांच्या संगणकावर आज आणखी कोणाचा तरी पेन ड्राइव्ह लागलेला असेल.