नवं मांजर घरात आणताना "सोडा एकत्र, जमेल आपोआप" हा सल्ला देणं थांबवा

चांदणवेल

घरात आधीच मांजर असताना दुसरं आणायचंय, काय करू, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "काही करू नका. सोडा एकत्र. दोन दिवस फिस्कारतील, मग जमेल आपोआप." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, अनेकांच्या घरी तसं जमलेलंही असतं. तरी माझं ठाम मत आहे की या सल्ल्याची किंमत मांजरं मोजतात. म्हणून हा धागा.

पाळीव मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हे रानमांजर. एकट्याने शिकार करणारा आणि स्वतःची हद्द राखणारा प्राणी. एक उंदीर एकाच्याच पोटाला पुरतो, त्यामुळे शिकारीला जोडीदार लागतच नाही. कळपातल्या प्राण्यांकडे भांडण झाल्यावर माघार कशी घ्यायची, समेट कसा करायचा याच्या खुणा असतात. मांजराकडे त्या फारच तोकड्या. त्याचा उपाय एकच, लांब राहणं. चार भिंतींच्या आत आपण नेमका तोच उपाय त्याच्याकडून काढून घेतो.

माझा आग्रह असा: नवं मांजर आधी वेगळ्या खोलीत. त्याचं खाणं, पाणी, शी-शूचा ट्रे, लपायला एखादा खोका, सगळं तिथेच. ओळख आधी नाकाने होऊ दे. मांजराच्या गालांत वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून तर ते दाराच्या चौकटीला गाल घासत फिरतं. मऊ फडकं एकाच्या गालांवरून फिरवून दुसऱ्याच्या जागेजवळ ठेवायचं, अंथरुणं बदलायची, मग खोल्यांची अदलाबदल. त्यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग जाळीतून नजरभेट, मग थोडा थोडा वेळ एकत्र. पुढची पायरी कधी, हे ताटलीकडे बघून ठरवायचं. दाराशी निवांत जेवतंय, तर पुढे. खाता खाता थबकतंय, दाराकडे टक लावून बघतंय, तर ताटली मागे.

हे थोतांड नाही. २००५ साली अमेरिकेत निवाऱ्यातून मोठी मांजरं घरी नेलेल्या लोकांची पाहणी झाली होती. जवळपास निम्म्या घरांत पहिल्या भेटीतच बोचकारणं-चावणं झालं होतं. आणि पहिली भेट जिथे बिघडली, तिथे पुढच्या काही महिन्यांतही मारामाऱ्या जास्त होत्या. पहिली भेट पुन्हा होत नाही, तर ती वाया का घालवायची?

रानवारा

असहमत. मांजरांबद्दलची कळकळ पोचली, पण या पायऱ्यांचा नियम करण्याला माझा विरोध आहे.

आधी त्या पाहणीबद्दल. ज्या दोन मांजरांचे स्वभावच एकमेकांशी जुळणारे नाहीत, ती पहिल्या दिवशीही भांडतील आणि सहा महिन्यांनीही भांडतील. पहिली भेट बिघडली *म्हणून* पुढचं बिघडलं, हे त्यातून सिद्ध होत नाही. दोन्हींचं कारण एकच असू शकतं. कुणी घरं निवडून अर्ध्यांना सावकाश ओळख करायला लावली आणि अर्ध्यांना लगेच, असं तिथे झालेलं नाही.

दुसरं म्हणजे बंद खोलीतल्या मांजराचं काय होतं ते कुणी बोलत नाही. माणसांत वाढलेलं, अंगावर झोपायची सवय असलेलं मांजर अनोळखी घरात येतं आणि आपण त्याला आठवडेच्या आठवडे दाराआड ठेवतो. ते रडतं, दार खरवडतं. बाहेरच्या मांजरालाही कालपर्यंत उघडी असलेली खोली बंद दिसते, आतून वास येतो, आवाज येतो, आणि काय आहे ते कळत नाही. अशी चिडचिड साठवून मग दार उघडायचं, हे मला तरी पटत नाही.

आणि मांजर एकटंच राहतं हेही अर्धंच सांगितलंत. जिथे रोज खायला मिळतं तिथे मांजरींचे मोठे गट राहतात, एकमेकींना चाटतात, एकमेकींची पिल्लं पाजतात. ती रानमांजरंच आहेत का?

माझी पद्धत म्हणजे आधी दोघांचे स्वभाव बघायचे. चार-पाच महिन्यांचं, इतर मांजरांत वाढलेलं पिल्लू आणि घरात शांत, खेळकर बोका, असं असेल तर एखाद दिवस वास घेऊ दे, मग आपल्या देखत दार उघडायचं. थोडं फिस्कारणं हा संवाद आहे. "अजून जवळ येऊ नकोस" इतकंच ते सांगतं, आणि समोरच्याने ऐकलं तर गोष्ट तिथेच संपते. प्रत्येक फिस्कारण्याला संकट समजून दार पुन्हा लावलं, तर ऐकायची संधीच मिळत नाही.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. महिनाभराचं वेळापत्रक ऐकून लोक दत्तक घ्यायचा विचारच सोडतात. त्यात मोठ्या मांजरांचं नुकसान सर्वांत जास्त.

उंबरठा

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. स्वभावाच्या वादात पडण्याआधी एक गोष्ट, कारण रानवारा यांचा "एखाद दिवस" वाचून मला भीती वाटली.

नवं मांजर दिसायला ठणठणीत असलं तरी काय घेऊन आलंय ते पहिल्या दिवशी दिसत नाही. पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे ज्याला बरेचजण मांजराचा पार्व्हो म्हणतात त्याची, लक्षणं संसर्गानंतर साधारण २ ते १० दिवसांत दिसतात. लस न झालेली पिल्लं त्यात पटापट जातात. हा विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. गजकर्णाचे चट्टे उमटायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तो माणसांनाही होतो. शिंका आणि डोळ्यांच्या संसर्गाचे विषाणू तर ताण आला की जुन्या रोग्यातही पुन्हा डोकं वर काढतात.

त्याशिवाय रक्ताच्या दोन तपासण्या. मांजराचा ल्युकेमिया विषाणू लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका भांड्यात खाणं एवढंही पुरतं. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून. म्हणजे "भांडू देत, जमेल" म्हणताना आपण नेमकी त्या आजाराची वाट उघडतो. ल्युकेमियाची लागण नुकतीच झाली असेल तर पहिली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून साधारण महिन्याने ती पुन्हा करायला सांगतात.

त्यामुळे दोन आठवडे वेगळं ठेवणं हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. पिल्लू असो, खेळकर बोका असो, कुणीही असो. नव्याकडून आल्यावर हात धुवायचे, भांडी आणि ट्रे वेगळे. नसबंदी राहिली असेल तर तीही आधीच. आणि नर ऑपरेशननंतर लगेच निवत नाही, अंगातले हार्मोन्स उतरायला काही आठवडे लागतात.

रानवारा

उंबरठा, आजाराचा मुद्दा निर्विवाद मान्य. दोन आठवडे वेगळं ठेवावंच. पण ते विलगीकरण झालं, ओळख नव्हे. ते संपल्यावरही जाळी, फडकी आणि अदलाबदलीचे आणखी आठवडे सगळ्यांवर लादायचे का, माझा प्रश्न तोच आहे.

पिंगट_बोका

माझ्याकडे वेगळी खोलीच नाही. एकच खोली आणि बाथरूम. घरात तीन वर्षांची भाटी आहे. अशा लोकांनी दुसरं मांजर आणूच नये असं म्हणणं आहे का? मनापासून विचारतोय.

शेवंती

पिंगट_बोका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर कदाचित हो असं असेल, आणि मला ते सगळ्यांनाच म्हणायचंय. चांदणवेल आणि रानवारा *कसं* आणायचं यावर भांडताहेत. *का* आणायचं हे कुणी विचारलंच नाही.

"एकटं असतं बिचारं, सोबत हवी." ही सोबतीची गरज बहुतेक वेळा आपली असते. आठ-दहा वर्षं एकटं राहिलेलं, सांधे दुखणारं मांजर आणि त्याच्या शेपटीवर दिवसभर झेपावणारं पिल्लू, ही जोडी मी जवळून पाहिली आहे. रक्त आलं नाही, आवाजही नाही. म्हातारी फक्त कपाटावर राहायला गेली. जेवायला खाली येईना, ट्रेशी जाताना दबकायची. घरातले म्हणत होते, बघा, जमलं की दोघांचं!

ताणाचा परिणाम थेट लघवीवर होतो. जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशयाला सूज येते, थेंबथेंब होते, रक्त जातं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, ती तुंबली तर तासांचा खेळ असतो. ट्रेमध्ये वारंवार बसून जोर लावणारा बोका दिसला तर बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका. आणि जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं.

चांदणवेल, तुमच्या पायऱ्यांचीही मला भीती वाटते. त्या नीट पाळल्या की शेवटी दोस्ती होणारच, असा विश्वास लोकांना बसतो. काही मांजरांना दुसरं मांजर नकोच असतं, कितीही सावकाश आणलं तरी.

चांदणवेल

शेवंती, ती कपाटावरची म्हातारी हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने २०२४ साली घरातल्या मांजरांमधल्या तणावावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही यावर भर आहे. तणावाच्या बऱ्याच खुणा इतक्या बारीक असतात की घरच्यांना दिसतच नाहीत. आरडाओरडा आपल्याला कळतो. पण एकाने दारात आडवं पसरणं आणि त्यामुळे दुसऱ्याने ट्रेकडे न जाणं, ही मारहाणच आहे. डोळे न मिटता रोखून बघणं, एक आला की दुसऱ्याने उठून जाणं, शेपटीचं टोक हलत राहणं, एकाने घाईघाईने गिळणं, हे सगळं मोजा. खेळात पाठलाग आळीपाळीने होतो, नखं आत असतात, मध्येच दोघंही थांबतात. सतत एकच पळत असेल तर तो खेळ नव्हे.

"काही मांजरांना नकोच असतं" हे पूर्ण मान्य. हळूहळू ओळख करून देण्याचा मोठा फायदाच तो आहे: नको असेल तर जाळीच्या पलीकडूनच कळतं, जखम होण्याआधी. आणि शेवट दोस्तीतच व्हावा असं मी म्हणत नाही. एकमेकांना टाळून दोघं सुखाने जेवतात-झोपतात, एवढं झालं तरी मला ते यश वाटतं.

रानवारा, मांजरींच्या गटांचं तुम्ही खरं सांगितलंत. पण त्या गटांचा कणा म्हणजे आई, मुली, बहिणी. अनोळखी मांजर आलं तर त्याला आधी हाकलतात. टिकलंच तर ते कितीतरी दिवस कडेकडेने राहून मग सामावतं. गटातही ओळख सावकाशच होते, फक्त तिथे कडेला राहायला जागा असते.

रानवारा

कडेला राहायला जागा, हा मुद्दा चांगला आहे. दारात अडवणं म्हणजे भांडण, हेही मान्य. मी फिस्कारण्याला संवाद म्हणालो, वाट अडवण्याला नव्हे.

तरी ज्या जोडीने पहिल्या नजरभेटीत जाळीला नाक लावून वास घेतला आणि शांतपणे जेवायला परत गेली, तिला आणखी दोन आठवडे जाळीआड ठेवू नये, यावर मी ठाम आहे. तुम्हीच म्हणालात ना, ताटलीकडे बघून ठरवायचं? मग ते दोन्ही बाजूंनी लागू करा. मागे जायला मोकळीक आहे तशी पुढे उडी मारायलाही हवी. लोक तुमच्या पायऱ्या वाचतात आणि आठवडे मोजत बसतात, मांजराकडे बघतच नाहीत.

चांदणवेल

उडी नको. शांत दिसणारं नवं मांजर बऱ्याचदा घाबरून गोठलेलं असतं. पंजे अंगाखाली घट्ट, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, हालचाल नाही, आणि आपण म्हणतो किती गुणी आहे. सावरल्यावर त्याचा खरा स्वभाव दिसतो. यावर आपलं एकमत होणार नाही.

उंबरठा

वाद चालू दे, पण झुंज लागलीच तर एवढं लक्षात असू दे. मध्ये हात घालू नका. मांजराचा चावा बारीक दिसतो, पण खोल जातो आणि भराभर पिकतो. पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकवा, जाड चादर टाका, वेगळ्या खोल्यांत न्या. ओरडू नका, मारू नका. तो मार त्याच्या डोक्यात दुसऱ्या मांजराच्या नावावर जमा होतो. चवताळलेलं मांजर समोर येईल त्यावर राग काढतं, म्हणून लगेच उचलून समजूतही घालू नका. पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा भेट नाही. तशी अगदी जुनी दोस्तंसुद्धा, एक जण दवाखान्याचा वास घेऊन घरी आला की एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हाही थोडा वेळ वेगळं ठेवा.

पिंगट_बोका

माझं उत्तर राहिलं. भाटी तरुण आहे, खेळकर आहे, खिडकीतून दिसणाऱ्या मांजरांवर कधी चिडत नाही. पिल्लू अजून दुसऱ्या घरीच आहे, घाई नाही.

शेवंती

मग माझा विरोध मागे. फक्त ते पिल्लू दुसऱ्या मांजरांत वाढलंय का ते विचारा. दोन ते सात आठवड्यांच्या वयात जे ओळखीचं होतं ते पिल्लांना पुढे सोपं जातं.

चांदणवेल

पिंगट_बोका, विलगीकरण बाथरूममध्ये करा, दिवसातून बऱ्याच वेळा आत जाऊन बसा. तपासण्या आणि लस झाल्यावर मोठा पिंजरा आणा, तीन बाजू चादरीने झाका, आत लपायला खोका. भाटीला पिंजऱ्यावर चढता येणार नाही असं बघा. जमिनीवर जागा नसली तर भिंतीवर फळ्या ठोका, चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट ठेवून, म्हणजे कुणी कोंडीत सापडणार नाही. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे तुम्हाला तीन. एका ओळीत ठेवू नका, मांजराच्या लेखी ती एकच जागा असते आणि एकटी भाटी सगळ्यांची वाट अडवू शकते. एक बाथरूममध्ये, बाकीचे दोन खोलीच्या दोन टोकांना.