दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने उन्हाळ्यात काय वाचावे: पुस्तके की वार्षिक अहवाल?

जुना भागधारक:
मे महिना आला की गुंतवणूकदारांनी सुटीत वाचावीत अशा पुस्तकांच्या याद्या सगळीकडून येऊ लागतात, आणि त्यांत बहुधा तीच ती अमेरिकी लेखकांची नावे असतात. माझे मत असे की, ज्याने स्वतः निवडून समभाग घेतले आहेत आणि जो ते दहा वर्षे ठेवण्याची भाषा करतो, त्याने या याद्या बाजूला ठेवून मे ते ऑगस्ट हा काळ आपल्याच कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना द्यावा. आपल्याकडचे वेळापत्रकही याला अनुकूल आहे. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, सूचिबद्ध कंपन्यांना लेखापरीक्षित निकाल 60 दिवसांत म्हणजे 30 मेपर्यंत जाहीर करावे लागतात, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या किमान 21 दिवस आधी अहवाल भागधारकांना पाठवावा लागतो.

अहवाल मागून पुढे वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. अध्यक्षांचे मनोगत आणि कारखान्याची रंगीत छायाचित्रे शेवटी पाहिली तरी चालतात. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, त्यातही लेखापरीक्षणात ज्या बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागले त्यांचा परिच्छेद, मग हिशेबाच्या टिपांमधील संबंधित पक्षांशी (म्हणजे मालक-संचालक, त्यांचे नातेवाईक व त्यांच्या इतर कंपन्यांशी) झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी, आणि त्यानंतर रोख प्रवाह पत्रक. नफा वर्षानुवर्षे वाढतो आहे, पण व्यवसायातून येणारी रोख जागच्या जागी आहे आणि ग्राहकांकडील येणी मात्र फुगत चालली आहेत, हे पाच वर्षांची तीच पाने शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ऐकायचे असेल तर निकालानंतर विश्लेषकांबरोबर होणारे कॉन्कॉल, म्हणजे व्यवस्थापनाच्या दूरध्वनी बैठका, ऐकावेत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांमुळे त्यांचे ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन आता सर्वांना खुले असते. व्यवस्थापनाचे सुरुवातीचे निवेदन वगळून थेट प्रश्नोत्तरांवर जावे, आणि कोणता प्रश्न दोनदा विचारूनही उत्तराविना राहिला हे टिपून ठेवावे.

इतिहासाचा वाचक:
जुना भागधारक यांनी सांगितलेली वाचनपद्धत उत्तम आहे, पण तिच्यावर त्यांनी उभारलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वार्षिक अहवाल हा शेवटी कंपनीने स्वतःविषयी लिहिलेला दस्तऐवज आहे, आणि केवळ तेवढ्यावर विसंबणे म्हणजे मुलाकडच्यांनी दिलेल्या परिचयपत्रावरून स्थळ पसंत करण्यासारखे आहे. सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अहवाल नामांकित लेखापरीक्षकांच्या सहीचे होते, आणि 2008 मध्ये तर कंपनीला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या एका दिवसात समभागाचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराचे मोठे नुकसान अनेकदा चुकीच्या कंपनीमुळे न होता चुकीच्या वेळी धीर सुटल्यामुळे होते. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या पलीकडे गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली आला होता. तेव्हा ज्यांनी चांगले समभाग मातीमोल भावाने विकले, त्यांना टिपांमधील कोणत्या आकड्याने थांबवले असते? उलट, बाजार दीर्घकाळात वर जातोच, या भाबड्या समजुतीवरही इतिहासच उतारा देतो. टोकियोचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये ज्या उंचीवर बंद झाला, तेथे परत पोहोचायला त्याला फेब्रुवारी 2024 उजाडले. चौतीस वर्षे म्हणजे एखाद्याची संपूर्ण नोकरी. ही माहिती आपल्या कंपनीच्या अहवालात सापडणार नाही, त्यासाठी बाजाराचा इतिहासच वाचावा लागतो, आणि सुटीसारखा निवांत काळ त्याला अधिक योग्य आहे.

जुना भागधारक:
सत्यमचे उदाहरण येणार हे मी गृहीतच धरले होते, परंतु ते माझ्या बाजूनेही बोलते. लबाडी आकड्यांत होती हे खरे, मात्र प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या राजू कुटुंबाचा हिस्सा घटत घटत 10 टक्क्यांच्याही खाली आला होता, आणि भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध होत होता. डिसेंबर 2008 मध्ये राजू कुटुंबाशी संबंधित मायटास नावाच्या दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गुंतवणूकदारांनी इतका विरोध केला की तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. कागद वाचणाऱ्यांना गैरव्यवहाराचा नेमका आकडा कळला नसता, हे मी नाकारत नाही. पण कंपनीकडे एवढी रोख असताना मालकच आपला हिस्सा का कमी होऊ देत आहेत, हा प्रश्न त्यांना पडू शकला असता, आणि समभाग न घेण्यासाठी तेवढा प्रश्न पुरेसा असतो.

धीराबद्दल सांगायचे तर, पुस्तकातून उसना घेतलेला धीर पडझडीच्या दिवशी टिकतो यावर माझा विश्वास नाही. कंपनीवर कर्ज किती आहे आणि ते केव्हा फेडायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला भाव निम्मा झाला तरी विचार करण्याजोगे काहीतरी हाती असते.

पगारदार शिक्षिका:
आपण दोघेही असे गृहीत धरत आहात की, प्रत्येकाने समभाग स्वतः निवडावेत. माझ्यासारखीचे दरमहा पैसे निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातील सगळेच समभाग त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात जातात. इंग्रजीतील तीनशे पानांचा अहवाल मी का वाचावा? मला खर्चाचे प्रमाण आणि निर्देशांकापासून फंड किती मागे राहिला हे दोन आकडे पुरतात. मात्र ऐकण्याच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. गुंतवणूक शिकवतो म्हणणाऱ्या कित्येक वाहिन्या हळूहळू श्रोत्याला फ्युचर्स आणि ऑप्शन्सकडे, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावण्यासारख्या अल्प मुदतीच्या सौद्यांकडे नेतात. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्या व्यवहारांतील 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला होता. त्यामुळे सुटीत काय ऐकावे यापेक्षा काय बंद करावे ही यादी मला अधिक उपयोगाची वाटते.

इतिहासाचा वाचक:
शिक्षिकाबाईंचा इशारा योग्यच आहे, पण त्यासाठी कान पूर्णपणे बंद करण्याची गरज नाही. बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या ओमाहा शहरातील वार्षिक सभांची 1994 पासूनची चित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांत कंपनीला नावारूपाला आणणारे वॉरन बफे आणि त्यांचे सहकारी चार्ली मंगर भागधारकांच्या प्रश्नांना तासन्‌तास उत्तरे देतात. त्यातला 1999 किंवा 2000 चा भाग ऐकावा. तंत्रज्ञानाच्या समभागांपासून हे दोघे दूर का, असे जग विचारत असताना ते काय बोलत होते, हे त्या समभागांचा फुगा पुढे फुटला हे माहीत असताना ऐकणे फार शिकवून जाते.

निर्देशांक फंडवाल्यांनाही याची गरज आहे, कारण निक्केईची चौतीस वर्षे निर्देशांकाचीच होती. जुना भागधारक यांच्या यादीत मात्र मी एवढी भर घालीन की, स्वतःच्या कंपनीचा अहवाल हाती घेण्याआधी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा वाचावा. आपल्या मालकीच्या कागदांत दोष शोधण्याची आपली इच्छाच मुळात कमी असते.