मदत हवी आहे: बॉयलरऐवजी फ्यूजन जनरेटर? मालकांना काय लिहून देऊ?

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसची युटिलिटी (वाफ, वीज, पाणी) बघतो. आमचा दहा टनी बॉयलर थकलाय. ट्यूबा गळतात, पावसाळ्यात ओल्या कोळशाने फायरमन वैतागतो. नवीन घ्यायचा विषय काढला तर धाकट्या मालकांनी मोबाइलच पुढे केला. ट्रकवर मावणारा फ्यूजन जनरेटर, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा काढणारा; वीजही देतो, वाफही. "दोन-तीन वर्षं थांबू या का? नोट द्या."

मी डिप्लोमा मेकॅनिकल, प्लाझ्माशी, म्हणजे फ्यूजनला लागणाऱ्या अतितप्त विद्युतभारित वायूशी, संबंध वेल्डिंगपुरता. तरी दोन रात्री वाचत बसलो. ट्रकवाली घोषणा लॉकहीड मार्टिन या अमेरिकी विमान कंपनीची, 2014 सालची, 100 मेगावॅटची. पुढे ते काम बारगळलं. सध्या बोलबाला हेलियन या अमेरिकी फ्यूजन कंपनीचा. 2023 मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टशी 2028 पासून निदान 50 मेगावॅट वीज द्यायचा करार केला, आणि न्यूकॉर या पोलादवाल्यांसाठी 500 मेगावॅटचा बेत जाहीर केला. आमचा हिशेब मांडला: ताशी 10 टन वाफ, 10 किलो प्रेशर, फीड वॉटर 100 अंश. सगळी मिळून साडेसहा मेगावॅट उष्णता!

अडलंय ते पुढे. हेलियनचं यंत्र वाफ करतच नाही. प्लाझ्मा फुगताना चुंबकीय क्षेत्राला रेटतो आणि वीज थेट कॉइलमधून काढायची, अशी त्यांची कल्पना. म्हणजे मला परत विजेवर वाफ करणारा इलेक्ट्रोड बॉयलर आलाच. ड्युटेरियम-ट्रिटियमवाल्या (हायड्रोजनचे दोन जड प्रकार जोडणाऱ्या) यंत्रात चार पंचमांश ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात, भोवतीच्या लिथियमच्या आवरणात तिची उष्णता होते. ती आपल्या कामाची. पण ट्रिटियम किरणोत्सारी, आणि म्हणजे शेवटी हायड्रोजनच, तापलेल्या पोलादातून झिरपतो. आणि आमच्या जिगरमध्ये (कापड रंगवायच्या यंत्रात) वाफ सरळ रंगाच्या पाण्यात सोडतात! मध्ये एक हीट एक्स्चेंजर टाकून भागेल का?

प्रतिसाद १
एकाने नाही भागणार. मध्ये वेगळा लूप, म्हणजे स्वतंत्र बंद पाइपचक्र, हवा. स्वच्छ बाजूचं प्रेशर जास्त ठेवलं तर भोकातली गळती उलटी जाईल, झिरपणं मात्र थांबत नाही. त्याला नळ्यांवर अ‍ॅल्युमिनासारखा थर लागतो. पण दादा, हे सगळं नंतरचं. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने 2.05 मेगाज्यूल दिले, 3.15 मिळाले, म्हणून जगभर पेढे वाटले. लेझर चालवायला ग्रिडमधून साधारण 300 ओढले होते. आजवर एकाही फ्यूजन यंत्राने कुठल्या कारखान्याला वीज विकलेली नाही. गळक्या ट्यूबांवर कसले थांबताय?

धागाकर्ता
धन्यवाद. जिगरचा मुद्दा पहिल्याच ओळीत टाकून नोट दिली. धाकटे मालक वाचून म्हणाले, "बरं, कोटेशनं मागवा." आता कोळशावरचाच घ्यावा की ब्रिकेट (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या) चालणारा? ब्रिकेटवाल्यांनी राखेचा अनुभव सांगा.