मदत हवी आहे: इंटरनेटबंदीबद्दल संसदेच्या समितीला निवेदन कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. बडोद्यात रावपुऱ्यात आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. बाबांची शिस्त अशी की दिवसाला किती फॉर्म गेले ते वहीत लिहायचंच. परवा जुनी वही चाळताना ऑगस्ट २०१५ चं पान निघालं. पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातभर मोबाइल इंटरनेट बंद होतं, ते दिवस. तारखेपुढे बाबांनी फक्त 'नेट नाही' लिहिलंय, ओळीने. तेव्हा आमचं सगळं काम डोंगलवर चालायचं. एका मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख त्यातच गेली. ती तीनदा येऊन गेली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

संचार व माहिती तंत्रज्ञानाच्या संसदीय स्थायी समितीने (३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे) याच विषयावर डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा शशी थरूर अध्यक्ष होते. मी तो दोन रात्री बसून वाचला. देशात कुठे आणि किती वेळ इंटरनेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे, ना गृह मंत्रालयाकडे! बाबांच्या वहीत आहे, दिल्लीत नाही. एकाच ठिकाणी सगळी नोंद ठेवा, असं समितीने बजावलं, ते मला मनापासून पटलं. परीक्षेतली कॉपी रोखायला नेट बंद करणं म्हणजे सार्वजनिक आणीबाणी (नेट बंद करायला कायद्यात लागणारं कारण) नव्हे, हेही पटलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१६ मध्ये तलाठी परीक्षेसाठी सकाळी ९ ते १ मोबाइल नेट बंद होतंच की.

एक शिफारस मात्र खटकते. सगळं इंटरनेट बंद करण्याऐवजी व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम एवढंच बंद करता येईल का ते बघा, असं समिती म्हणते. २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर लोकांची मतंही मागवली. दिल्लीत बसून हा मधला मार्ग वाटत असेल. पण माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो, मार्कशीट, आधार, सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. ते बंद म्हणजे माझं शटर खाली. हे समितीपर्यंत कोणीतरी पोचवायला हवं.

म्हणून विचारते:
मराठीत लिहिलेलं चालेल का? समितीने जाहीर आवाहन केलं नसताना आपणहून पाठवता येतं का? आणि मसुदा इथे टाकला तर तपासून द्याल का?

प्रतिसाद १
ताई, मसुदा इथे टाकू नका. समितीकडे गेलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, ते बाहेर फिरवलं तर संसदेच्या विशेषाधिकाराच्या भंगाचा प्रश्न येतो. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचतो. समितीच्या आवाहनात बहुतेक हिंदी किंवा इंग्रजीतच मागतात, तेव्हा आधी मराठीत मोकळेपणाने लिहा, मग हिंदी करू. आपणहून पत्र पाठवायला आडकाठी नाही, लोकसभा सचिवालयाच्या पत्त्यावर, समितीच्या नावाने. पण समिती दरवर्षी विषय ठरवते. आपला विषय यादीत आला आणि आवाहन निघालं की तेव्हाचं निवेदन जास्त वजनदार. समक्ष बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर बोलावणार नाहीत.

प्रतिसाद २
अहवालाच्या वेळच्या जुन्या इंटरनेटबंदी नियमांवर थांबू नका. नोव्हेंबर २०२४ चे नवे नियम आहेत. बंदीचा आदेश लेखी, कारणासह, एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि तो प्रसिद्ध करायचा. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीबद्दलच्या २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश प्रसिद्ध करायला सांगितलंच होतं. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांचं काय केलं हे सरकारला समितीला कळवावं लागतं. ते उत्तर आधी वाचा, मग लिहा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. व्यनि करते. अजून एक: वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडू का? त्यावर गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर आहेत, ते झाकून काढेन. तारखा आणि बाबांचं अक्षर तेवढं दिसू दे.