देवघरात रोबोट व्हॅक्यूम घुसायलाय, कसं अडवावं?

परभणीची_सून
आमचं घर जुनं, शहाबादी फरशी, मधी उंबरठे नाहीत आणि देवघर हॉलच्या कोपऱ्यातच उघडं. लायडारवाला (लेझरनं घराचा नकाशा काढणारा) रोबोट झाडतो छान, पण सासूबाईंनी रांगोळी काढली की हा त्याच्यावरूनच जायलाय, काल तर फुलवाती ब्रशला गुंडाळून नेल्या. ॲपमधी नो-गो झोनचा, म्हणजे आत जायची बंदी असलेल्या जागेचा, लाल चौकोन काढलाय, तो कधी पाळतो, कधी सरळ आत. महालक्ष्म्या जवळ आल्या, काय करू?

लातूरचा_दादा
ताई, डॉकवरनंच (चार्जिंगच्या जागेवरनं) सुरू करता का उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून? उचलला की त्याला आपण कुठंय ते आधी शोधावं लागतं, आणि नकाशा चुकीचा जुळला की लाल चौकोनही तेवढाच सरकतो. डॉकची जागा पक्की करा, नकाशा फिरलेला दिसला तर पुन्हा पूर्ण घराचा करा, झोन त्यावर नव्यानं काढा. आणि रांगोळीला चिकटून काढू नका, चहूबाजूंनी वीतभर जास्त घ्या. पोछाही असंल तर नो-मॉप झोन वेगळा असतोय, तो फक्त पुसण्यापुरता, नुसतं झाडताना मशीन आत जाऊ शकतंय.

नांदेडकर
आमच्याकडं लायडार नसलेला साधा आहे, त्याला मॅग्नेटिक पट्टी लावली. पण सगळ्या मॉडेलला चालत नाही, आधी बघून घ्या. काळ्या ग्रॅनाइटच्या पट्टीपाशी आमचा आपोआप थांबतो कारण खालचे सेन्सर इन्फ्रारेडवर (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर) चालतात, काळा रंग तो प्रकाश शोषून घेतो आणि त्याला वाटतं पुढं पायरी आहे.

परभणीची_सून
हो, सासरे सैपाकघरातनंच बटण दाबतात, डॉक तर हॉलमधी आहे!

लातूरचा_दादा
मग तेच कारण दिसतंय. त्यांना सांगा, डॉकवर असतानाच दाबा, खोली ॲपमधी निवडता येती. वायफाय गेलं तरी बऱ्याच मॉडेलमधी झोन मशीनमधीच सेव्ह असतात, लाइट गेली म्हणून पुसले जात नाहीत.

बीडची_मावशी
सगळं खरं, पण समईच्या बाबतीत झोनवर भरवसा ठेवू नका गं बाई. नो-गो झोन धोक्याची जागा अडवायला वापरू नका, असं कंपन्याच मॅन्युअलमधी लिहितात. लायडार डोक्यावर असतो, त्याच्या खालच्या बुटक्या वस्तू त्याला दिसतच नाहीत. समई पेटलेली असंल तोवर मशीन बंदच ठेवा, नाहीतर पाट आडवे लावा. महालक्ष्म्यात तर मांडणीनं हॉलचं रूपच बदलतं, पावलांची रांगोळी दारापासनं, पाहुणे, गाद्या. ते तीन दिवस हॉल सोडून बाकीच्या खोल्याच निवडून चालवा, आणि मांडामांड करायच्या आधी नकाशाचा बॅकअप घेऊन ठेवा, ॲपमधी सोय असंल तर. विसर्जन झालं की तोच परत टाकायचा.

परभणीची_सून
बॅकअपचं बटण सापडलं मावशी, आजच घेते. सासऱ्यांना पण दाखवते डॉकवरनं कसं सुरू करायचं.